सरकारपुरती किल्ली का बनत नाही?

‘दोन निळ्या आणि एक लाल टिक दिसली तर सरकार तुमच्यावर कारवाई करू शकतं, तिन्ही लाल झाल्या तर कोर्टाचं समन्स निघालंच समजा.’ हा मेसेज अधूनमधून फॅमिली ग्रुपवर उगवतोच. पीआयबीनं, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं, तो खोटा असल्याचं जाहीर केलंय. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लाल टिक नावाचा प्रकारच नाही. तरी शिकलेसवरलेले लोक तो पुढे पाठवतात. काही जण घाबरतात, तर काही म्हणतात, ‘देशाच्या सुरक्षेसाठी वाचू दे की सरकारला, मला काय लपवायचंय?’ मेसेज वाटेत कुठेतरी कुणीतरी उघडून बघतं, हे दोघांनीही गृहीतच धरलेलं असतं. ते का जमत नाही, याचं कारण सातवीतल्या भागाकारात आहे आणि ते इतकं देखणं आहे की सविस्तर सांगितल्यावाचून राहवत नाही.

मेसेज फोनवरून निघतानाच गुप्त लिपीत बदलतो आणि तो उलगडायला किल्ली लागते. अशी किल्ली पूर्वी आधीच दोन्हीकडे पोचवावी लागायची. लष्कराला, वकिलातींना त्यासाठी विश्वासू माणूस धाडावा लागे. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की चारचौघांत बोलूनही दोघांना गुपित ठरवता येतं.

समजा, आजी सांगलीत आहे आणि नात बोस्टनला. दोघी उघडपणे दोन आकडे ठरवतात: २ आणि १९. आता आजी मनात ५ धरते. २ चा पाचवा घात ३२. त्याला १९ नं भागलं की बाकी उरते १३. ती १३ पाठवते. नात मनात ७ धरते. २ चा सातवा घात १२८, बाकी १४. ती १४ पाठवते. आता आजी आलेल्या १४ चा पाचवा घात करते: ५,३७,८२४. १९ नं भागून बाकी १०. नात १३ चा सातवा घात करते: ६,२७,४८,५१७. बाकी पुन्हा १०! कारण दोघींनी शेवटी एकच गोष्ट केली, २ चा पस्तिसावा घात. एकीनं आधी ५ वापरले, दुसरीनं आधी ७. हा १० तारेवरून एकदाही गेलेला नाही, आणि तीच त्यांची किल्ली.

मध्ये कान लावून बसलेल्याला २, १९, १३ आणि १४ एवढंच ऐकू आलं. त्याला ५ किंवा ७ शोधायचाय. २ चे घात करत बाक्या लिहून बघा: २, ४, ८, १६, १३, ७, १४, ९, १८, १७… सुरुवातीला चढत जाणारे आकडे पुढे वाटेल तशा उड्या मारतात. त्यामुळे आपण उत्तराच्या जवळ आलो की लांब गेलो, याचा पत्ताच लागत नाही. १९ असेल तर दोन मिनिटांत सगळं तपासून होईल. पण १९ च्या जागी सहाशेहून जास्त अंकांची नीट निवडलेली मूळ संख्या घेतली तर? घात काढणं तरीही सोपं, कारण वर्गाचा वर्ग करत झपाट्यानं पुढे जाता येतं. उलट दिशेनं मात्र आजच्या कुठल्याही संगणकाला ते झेपत नाही. व्हॉट्सअ‍ॅप यासाठी थेट घात न वापरता एका वक्रावरच्या बिंदूंची बेरीज वापरतं आणि दर मेसेजगणिक नवी किल्ली तयार होते, पण मूळ कल्पना हीच.

एक फट उरते. मधल्यानं आजीला ‘मीच नात’ आणि नातीला ‘मीच आजी’ असं भासवून दोघींना स्वतःचेच आकडे दिले तर? त्यासाठीच अ‍ॅपमध्ये ६० अंकी सिक्युरिटी कोड असतो. दोघींच्या फोनवर तो सारखा असेल तर मध्ये कुणी नाही. जाहिरातींतल्या ‘लष्करी दर्जाच्या सुरक्षे’पेक्षा ही पडताळणी कितीतरी मोलाची.

गंमत म्हणजे हीच युक्ती ब्रिटनच्या जीसीएचक्यू या हेरसंस्थेतल्या माल्कम विल्यमसन यांना, जेम्स एलिस आणि क्लिफर्ड कॉक्स या सहकाऱ्यांच्या कामावरून पुढे जात, काही वर्षं आधीच सापडली होती. १९९७ पर्यंत ती जगापासून दडवून ठेवली गेली.

आता सुरक्षेचं. २६/११ ला कराचीतून सूचना देणाऱ्यांचे कॉल आपल्या यंत्रणांनी हल्ला चालू असतानाच ऐकले, ध्वनिमुद्रित केले, आणि तो पुरावा पुढे फार मोलाचा ठरला. ठरावीक संशयिताचं ठरावीक संभाषण ऐकण्याची गरज मला पूर्ण मान्य आहे. त्यानंतर महिन्याभरात माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दुरुस्ती संसदेत मंजूर झाली आणि कलम ६९ चे, म्हणजे संगणकावरची माहिती अडवून वाचण्याचे, सरकारचे अधिकार वाढले. डिसेंबर २०१८ मध्ये दहा यंत्रणांना ते अधिकार दिले गेले. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा, उपाय प्रमाणात हवा, असं बजावलं. वाद आहे तो प्रमाणाचा.

‘सगळं कुलूपबंद ठेवा, पण एक किल्ली फक्त सरकारकडे द्या,’ हा तोडगा ऐकायला समंजस वाटतो. पण वरच्या गणितात तिसऱ्याला जागाच नाही. ती करायची तर किल्लीची प्रत कुठेतरी साठवावी लागते किंवा आकडेमोडीतच खोट ठेवावी लागते. मग जो तिथवर पोचेल त्याचं ते होतं. ग्रीसमध्ये २००४-०५ साली व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये टॅपिंगसाठीचीच यंत्रणा कुणीतरी गुपचूप चालू केली. पंतप्रधान कोस्टास कारामानलिस यांच्यासह सुमारे शंभर जणांचे फोन कित्येक महिने ऐकले गेले. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानं टेलिकॉम कंपन्यांना टॅपिंगची सोय ठेवणं सक्तीचं केलं. २०२४ मध्ये चीनशी संबंधित ‘सॉल्ट टायफून’ हॅकर त्याच सोयीपर्यंत पोचले, आणि अमेरिकी अधिकाऱ्यांनाच नागरिकांना एन्क्रिप्टेड, म्हणजे असेच कुलूपबंद, मेसेज वापरायचा सल्ला द्यावा लागला. खासगीपणा एका पारड्यात आणि देशाची सुरक्षा दुसऱ्यात, हा तराजू म्हणूनच मला पटत नाही. मंत्र्यांचे, सैनिकांचे, वीजकेंद्र चालवणाऱ्यांचे फोनही त्याच कुलपावर चालतात.

शिवाय पोलिसांच्या हाती काहीच उरत नाही, असं नाही. सीडीआर, म्हणजे फोन कॉलचा तपशील, काढता येतो, फोन जप्त करता येतो, कोण कुणाशी कधी बोललं हे कंपनीकडून मागवता येतं.

आपल्याकडचा वाद मजकुरापेक्षा उगमावर आला आहे. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून जास्त भारतीय वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीनं आदेश आल्यावर मेसेजचा पहिला जनक शोधून द्यायचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपनं त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. याआधी २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातल्या प्रकरणात आयआयटी मद्रासचे व्ही. कामकोटी यांनी प्रत्येक मेसेजसोबत मूळ पाठवणाऱ्याची खूण जोडण्याचा मार्ग सुचवला होता. पवईच्या आयआयटी मुंबईतले मनोज प्रभाकरन यांनी त्यावर बोट ठेवलं: अ‍ॅपमध्ये फेरफार करणारा अट्टल गुन्हेगार खोटी खूण लावू शकतो. सापडतो तो साधा माणूस. ट्विटरवरून मजकूर उचलून ग्रुपवर चिकटवणाराही यंत्राच्या लेखी ‘जनक’च. नियमात तर पुढे असंही आहे की मूळ पाठवणारा परदेशात असेल, तर भारतातला पहिला पाठवणारा जनक मानला जाईल. म्हणजे बोस्टनच्या नातीनं पाठवलेला व्हिडिओ ‘हे खरं आहे का गं?’ असं विचारत आजीनं भिशीच्या ग्रुपवर टाकला, तर कागदोपत्री जनक आजी.