खोल बर्फातील टायर

खोल बर्फात गाडी चालवण्यासाठी टायर निवडणे आणि हिवाळ्यात रस्त्यासाठी टायर निवडणे ही दोन निराळी कामे आहेत. रस्त्यावर वीतभर बर्फ पडला, तरी त्याखाली डांबर असते. अरुंद टायर बर्फ कापत तिथवर पोचतो आणि पकड घेतो. हिमनदीवर किंवा वाऱ्याने साचलेल्या कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात खाली टेकायला काहीच नसते. तिथे गाडीला वरच्या वर राहावे लागते, आणि त्यासाठी लागतो मोठ्या व्यासाचा, रुंद आणि जवळजवळ हवा नसतानाही चालू शकणारा टायर.

या विद्येचे माहेर आइसलँड. देशाचा सुमारे दहावा हिस्सा हिमनद्यांखाली आहे. त्यातल्या सर्वांत मोठ्या वात्नायोकुलचेच क्षेत्र ७,७०० चौ. किमी.च्या आसपास भरते. मधल्या पठारावर वस्ती नाही आणि तिथले रस्ते हिवाळ्यात बंद असतात. शोध-बचाव पथकांतले स्वयंसेवक आणि हौशी जीपवाले यांनी १९७० व १९८० च्या दशकांत गाड्यांच्या मडगार्डच्या कमानी कापून मोठाले टायर बसवायला सुरुवात केली. ३३ इंच व्यास, मग ३५ इंच करत गाडी ३८ इंचांवर आली आणि तिथे बराच काळ स्थिरावली. पुढे ४४, ४६ आणि ५४ इंचांपर्यंत मजल गेली. अशा गाडीला तिकडे ‘सुपरजीप’ म्हणतात.

सगळी गंमत हवेत आहे. टायर जमिनीला जितक्या दाबाने टेकतो, तो दाब ढोबळमानाने आतल्या हवेइतकाच असतो. २,४०० किलोच्या गाडीच्या एका चाकावर ६०० किलो भार येतो. ३० पौंड (दर चौ. इंचाला) हवा असेल, तर एका टायरचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम ३०० चौ. सेंमी. भरतो, म्हणजे पसरलेल्या दोन तळहातांएवढा. हवा ३ पौंडांवर आणली, की हिशेबाने तोच भाग दसपट होतो. साइडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचा, ताठरपणा थोडा भार उचलतो, त्यामुळे प्रत्यक्षातली वाढ त्याहून कमी असते, पण फरक प्रचंडच. चालणाऱ्या माणसाच्या एका पावलाखाली दर चौ. सेंमी.ला साधारण ०.३५ किलो दाब पडतो आणि ३ पौंडांच्या टायरखाली ०.२१ किलो. म्हणून ड्रायव्हर खाली उतरला की गुडघ्यापर्यंत रुततो आणि मागे गाडी मात्र वर उभी असते. हवा सोडल्यावर टायर रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो, हेही फायद्याचेच. समोर ढकलायचा बर्फ फारसा वाढत नाही आणि चाक रणगाड्याच्या पट्ट्यासारखे चालते.

इतक्या कमी दाबावर बारीकसारीक गोष्टी अंगाशी येतात. ऊबदार गॅरेजात २० अंशांना ३ पौंड भरून गाडी उणे २० अंशांत काढली, तर मीटरवर अर्धा-पाऊण पौंडच उरतो. उलट, समुद्रसपाटीवर २ पौंडांवर आणलेला टायर घेऊन १,३०० मीटर उंचीच्या हिमनदीवर चढले, तर बाहेरचा दाब घटल्यामुळे मीटर ४ पौंड दाखवतो आणि मघापर्यंत नीट चाललेली गाडी रुतू लागते. पंक्चरवाल्याचा नेहमीचा मीटर इथे कुचकामी ठरतो. शून्य ते दहा-पंधरा पौंडांचा वेगळा मीटर लागतो. मुरलेले लोक मीटरआधी साइडवॉलच्या घड्या बघतात. अनेक गाड्यांत तर चाकांपर्यंत नळ्या नेलेल्या असतात, त्यामुळे आत बसूनच हवा सोडता-भरता येते.

त्यामुळे टायर घेताना आधी साइडवॉल पाहावी. माल वाहण्यासाठी बनवलेला, जास्त थरांचा कडक टायर हवा काढूनही ताठच राहतो. लवचीक रेडियल टायर बसतो आणि पसरतो. नक्षीचा क्रम नंतरचा. चिखलाचे मोठ्या खाचांचे टायर दिसायला दणकट, पण चाक जागीच फिरले की फावड्यासारखा खड्डा खणतात, आणि त्यांचे रबर थंडीत कडकही होते. हिवाळी रबर आणि बारीक चिरा असलेली नक्षी बरी. फिनलंडच्या नोकिया गावातल्या कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर काढला होता. त्याच परंपरेतल्या नोकियन कंपनीने ‘आर्क्टिक ट्रक्स’ या आइसलँडच्या कंपनीसोबत ४४ इंची हिवाळी टायर बनवला. टायरमध्ये ठोकलेले खिळे कडक बर्फावर उपयोगी, भुसभुशीत बर्फात नाहीत.

व्यासाचा आणखी एक लाभ म्हणजे ॲक्सलची उंची. गाडीची बॉडी कितीही उचलली तरी डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधली गिअरची पेटी, उंच होत नाही. ती फक्त टायरने उंच होते, तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्याने. किंमतही मोजावी लागते. गिअरचे प्रमाण बदलावे लागते, नाहीतर इंजिन दमते आणि स्पीडोमीटर खोटे बोलतो. हवा कमी असली की टायर रिमवरून निसटतो, म्हणून कडा आवळून धरणारे खास रिम बसवतात किंवा टायर रिमला चक्क चिकटवतात. निसटलाच, तर पेटता वायू वापरून धडाक्यासरशी तो जागेवर बसवण्याची तिकडची पद्धत प्रसिद्ध आहे. बघायला थरारक, करायला धोक्याची.

भारताचा या टायरांशी थेट संबंध आला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. गोव्यातील राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांचे पथक अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री तळावरून दक्षिण ध्रुवावर पोचले, ते आइसलँडमध्ये अशा प्रकारे बदलून घेतलेल्या गाड्यांतून. मनाली किंवा स्पितीला जाणाऱ्या मंडळींना मात्र यातले काही लागत नाही. तिथे बर्फाखाली रस्ता असतो. चांगले हिवाळी टायर आणि साखळ्या पुरतात. त्याच साखळ्या अथांग बर्फात गाडीला आणखी खाली नेतात.

आइसलँडमध्ये रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर गाडी घालणे बेकायदा आहे. मुभा आहे ती हिमनदीवर, किंवा जमीन गोठलेली आणि बर्फाने झाकलेली असेल तेव्हा. तिथल्या शेवाळावर उमटलेला चाकाचा चर भरून यायला कित्येक दशके लागतात.