उडत्या लढाऊ विमानांचे छायाचित्रण (विदर्भ)

हवाई कसरतींच्या वेळी वेगाने जाणाऱ्या लढाऊ विमानांची जमिनीवरून छायाचित्रे टिपण्याची कला. बंगळूरजवळच्या येलहंका तळावर १९९६ पासून साधारण दर दोन वर्षांनी भरणारा 'एअरो इंडिया' हे हवाई प्रदर्शन ही तिची देशातली सर्वांत मोठी संधी. विदर्भात ही संधी मिळते ती मुख्यतः नागपुरात. हवाई दलाच्या अनुरक्षण कमानचे, म्हणजे मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय तिथल्या वायुसेनानगरात आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे झालेल्या एअर फेस्टमध्ये 'सूर्यकिरण' पथकाने कसरती केल्या. या पथकाची हॉक विमाने खरे तर प्रगत प्रशिक्षणाची. पण वेग, वळण आणि आवाज या तिन्ही बाबतींत फोटो काढणाऱ्याची परीक्षा ती लढाऊ विमानांसारखीच घेतात.

खेड्यातून येणाऱ्याजवळ बहुधा लग्नाच्या कामाचा कॅमेरा आणि ७०-२०० मिलिमीटरची लेन्स असते. तेवढ्यावर काम भागते का, याचा हिशेब सोपा आहे. फुल-फ्रेम, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्याला २०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर ५०० मीटरवर सुमारे ९० मीटर रुंदीचे आकाश चौकटीत येते. हॉकची लांबी साडेबारा मीटरच्या आत, म्हणजे विमान चौकटीचा जेमतेम सातवा हिस्सा व्यापते. ४०० मिलिमीटरला तेच दुपटीने मोठे दिसते. जवळपास २२ मीटर लांबीचे सुखोई-३० तर निम्मी चौकट भरते. नऊ विमानांची रचना टिपायची असेल, तर मात्र लग्नाचीच लेन्स कामाची. या रचनेत दोन विमानांमधले अंतर पाच मीटरपेक्षाही कमी असते आणि सगळा थवा चौकटीत मावला तरच ती शिस्त फोटोत दिसते.

नवख्याची पहिली चूक कानामुळे होते. गावात विमानाचा आवाज आला की मान वर करायची, ही लहानपणापासूनची सवय. कसरतीच्या मैदानावर तीच आड येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ताशी ७०० किलोमीटर वेगाचे विमान त्याच सेकंदात १९० मीटरच्या वर पुढे सरकते. एक किलोमीटरवरचा आवाज कानी पडेपर्यंत जवळजवळ तीन सेकंद जातात आणि विमान साडेपाचशे मीटर पुढे गेलेले असते. म्हणून आवाजाच्या बरेच पुढे पाहावे लागते. ज्वारीची राखण करणारा गोफणीचा गोटा पाखरांच्या थव्यावर टाकत नाही, थवा जिकडे चालला तिकडे टाकतो. ज्याने वावरात हे केले आहे, त्याला कॅमेरा हातात घेतल्यावर पुन्हा नव्याने शिकवावे लागत नाही.

पॅनिंग, म्हणजे विमानाबरोबर कॅमेरा फिरवत राहणे, हे या कलेचे खरे मर्म. पाय खांद्याएवढे फाकवून रोवायचे, कोपरे बरगड्यांना टेकवायची, फिरायचे ते कमरेतून. विमान चौकटीत आल्यावर फिरायला सुरुवात करून भागत नाही. ते दूर ठिपक्याएवढे असतानाच त्याला धरायचे, फोकस सतत चालू ठेवायचा आणि बटण सोडल्यावरही क्षणभर फिरत राहायचे. सरावाला नागपूर गाठायची गरज नाही. डांबरी रस्त्याकडेच्या धुऱ्यावर उभे राहून भरधाव एसटी टिपावी. पाटीवरचे गावाचे नाव स्पष्ट आणि मागची पऱ्हाटी पट्ट्यापट्ट्यांची पुसट आली, की हात बसला समजावे. नांगरणीच्या वेळी ट्रॅक्टरमागे उतरणारे बगळे आणि बाजारावर घिरट्या घालणारी घार हे पुढचे धडे. घार अवघड, कारण ती सूचना न देता वळते.

लढाऊ विमानासाठी शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, १/१००० ते १/२००० सेकंद ठेवतात. पंख्याच्या विमानाला हाच वेग लावला तर पाती थिजतात आणि विमान दोरीने टांगल्यासारखे दिसते. असा फोटो कितीही स्वच्छ असला तरी तो निर्जीव वाटतो. हेलिकॉप्टर व पंख्याच्या विमानांना १/२५० किंवा त्याहून मंद शटर हवे. गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने किंवा एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर येणारे एटीआर हे पंख्याचे प्रवासी विमान पाहणाऱ्याला हा फरक लवकर उमजतो.

उजेडाचा प्रश्न विदर्भात वेगळा आहे. आकाश लख्ख, त्यामुळे कॅमेरा फसतो आणि विमान काळे येते; एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे लागते. विमानाच्या पोटाकडची बाजू तरीही गडद राहते, कारण खालची काळी माती फारसा उजेड वर परतवत नाही. म्हणून विमान प्रेक्षकांकडे पाठ करून कलते, दोन्ही पंखांचा वरचा भाग दिसतो, त्या क्षणाची वाट पाहावी. उन्हात तेव्हा कॉकपिटची काच चमकते आणि वैमानिकाचे हेल्मेटही ओळखू येते.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे तापलेल्या जमिनीवरची लहरती हवा. नोव्हेंबरातही दहा-अकरा वाजले की धावपट्टीवरचे विमान पाण्यात पाहिल्यासारखे थरथरते. यावर महागडी लेन्स हा उपाय नाही. लेन्स जितकी लांब, तितकी ही थरथर मोठी होऊन येते. सकाळ गाठावी, उंचावरून जाणारी विमाने निवडावीत आणि दूरचे उड्डाण सोडून द्यावे. कोरड्या हिवाळी हवेत पंखांवर वाफेचा ढगही क्वचितच धरतो. त्याला दमट हवा लागते, म्हणून तसे फोटो समुद्रकाठच्या कसरतींत अधिक मिळतात.

लष्करी तळाचे छायाचित्रण एरवी परवानगीशिवाय करता येत नाही. कसरतीच्या दिवशी ठरवून दिलेल्या जागेतून, ठरलेल्या वेळेतच ते करावे. ड्रोन तर घरीच ठेवावा. डब्यातले उरलेले अन्नही मैदानावर टाकू नये, कारण त्यावर घारी येतात आणि घार इंजिनात शिरली तर वैमानिकाच्या जिवावर बेतते. २०२३ च्या एअरो इंडियाच्या वेळी येलहंका तळाभोवती दहा किलोमीटरपर्यंत मांसविक्री बंद ठेवली होती, ती याचसाठी.

घरी परतल्यावर हजारभर फोटो पुढ्यात असतात. निवड करताना प्रत्येक फोटो पूर्ण मोठा करून विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक पाहावा. तो वाचता आला तर फोटो ठेवावा, नाही तर आकाश कितीही सुंदर असले तरी काढून टाकावा.