‘हिंदू रुग्ण दुखणं सोसतात’ हा समज सोडा

हिंदू रुग्ण पुढच्या जन्मासाठी वेदना सोसतात, चिनी रुग्ण औषध मागत नाहीत, ज्यू रुग्ण सारखी मदत मागतात. नर्सिंगच्या शिक्षणात ही यादी ‘सांस्कृतिक जाण’ म्हणून फिरत आली आहे. पिअर्सन या प्रकाशन कंपनीच्या एका पाठ्यपुस्तकात ती चक्क छापली होती. टीका झाल्यावर २०१७ मध्ये कंपनीने माफी मागून मजकूर काढला.

ही जाण नव्हे, शिक्का मारणं आहे. रुग्ण सांगेल ती वेदना, हे मार्गो मॅकॅफरी या परिचारिकेने १९६८ मध्येच मांडलं होतं.

शस्त्रक्रियेनंतर आजी “नाही गं, काही दुखत नाही” म्हणतात, पण कूस बदलताना पलंगाची दांडी घट्ट धरतात. “आजी, ठणकतंय, आग होतेय की कळ येतेय?” असं विचारलं की बोलू लागतात. गप्प राहण्यामागे संकोच असेल, गोळ्यांची भीती असेल. ते धर्मावरून कळत नाही. आणि वेदना दबून राहिली तर रुग्ण नीट खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. छातीत कफ साठून न्यूमोनियाचा धोका वाढतो.