स्टार्टरच्या पेटीतला रिले मोटार बंद करत नाही

आमच्या पलूस-वाळव्याकडं नदीवरची मोटार जळाली की पहिलं वाक्य ठरलेलं, "रिलेनं कामच केलं नाही". रिले म्हणजे स्टार्टरच्या पेटीतला ओव्हरलोड रिले, जास्त करंटपासून मोटार वाचवायला बसवलेला. आणि मोटार सारखी बंद पडाय लागली तरी शिव्या रिलेलाच. कॉन्टॅक्टरचं नावसुद्धा कोण काढत नाही.

कॉन्टॅक्टर सगळ्यांच्या रोजच्या बघण्यातला, हिरवं बटण दाबलं की खाडकन बसतो तो. कॉइलला लाइट मिळाली की पॉइंट ओढून धरायचे, गेली की सोडायचे, संपलं. गाडीच्या हॉर्नचा रिले पण ह्याच जातीचा, फक्त बारका. ओव्हरलोड रिले मात्र जातच वेगळी, त्यात कॉइलच नसते.

आता फसतात ते इथं. मोटारीच्या तिन्ही जाड वायरी रिलेतूनच जातात, मग बघणाऱ्याला वाटतं करंट हितंच तुटतो. नाही तुटत! आत तीन पट्ट्या असतात, त्यातून मोटारीचा करंट जातो, जास्त गेला की पट्ट्या तापून वाकतात आणि एक बारकी दांडी ढकलतात, आणि त्या दांडीनं सुटतो तो ९५-९६ चा छोटा पॉइंट (रिलेवर त्या दोन टर्मिनलला हेच आकडे छापलेले असतात). ह्या पॉइंटातून फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा करंट जातो, अर्ध्या अँपिअरचा पण नाही. तो सुटला की कॉइल मरते, कॉन्टॅक्टर पडतो आणि मग मोटार थांबते. तोडणारा कॉन्टॅक्टर, रिले फक्त चुगली करणारा. म्हणून ट्रिप झालेल्या रिलेच्या जाड टर्मिनलला मीटर लावला (मेन बंद करून) तरी बीप येणारच, म्हणजे वाट जोडलेलीच दिसणार, आणि आमचे लोक तेवढ्यावरनं "रिले गेला" म्हणून नवा आणतात.

दोष कुणाचा ते कळायला वायरमनला समोर उभा करून चालू मोटारीवर रिलेचं टेस्ट बटण दाबायला लावा. मोटार थांबली तर ठीक. नाही थांबली, पण लाल बटणानं थांबली, तर बहुतेक कुणीतरी ९५-९६ डायरेक्ट केलाय, म्हणजे दोन्ही टोकं वायरनं जोडून टाकलीत. लाल बटणानं पण थांबत नसेल तर कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेत, लगेच मेन पाडा, तिथं दहा रिले बदलले तरी काही होणार नाही.

आणि हे डायरेक्ट करणं मला बिलकूल पटत नाही. व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते, एक फेज गेला की उरलेल्या दोन्हीत चढतो, रिले पडतो म्हणजे त्याचं काम करतोय की राव! बिचाऱ्याला पेटीतनं काढून टाकता आणि मग रिवाइंडिंगवाल्याकडं रांग लावता. रिलेवरचा अँपिअरचा डायल मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरला लावा, पाच एचपीला साधारण ७.५ ते ८, सबमर्सिबलला जरा जास्त. स्टार-डेल्टात (मोटार दोन टप्प्यांत सुरू करणारा स्टार्टर) रिले डेल्टाच्या आत असेल तर पाटीच्या ०.५८ पट. अंदाजानं शेवटपर्यंत फिरवून ठेवलेला डायल म्हणजे रिले नसल्यातच जमा.

फ्यूजचं वेगळं, शॉर्टला फ्यूजच पाहिजे. मोटार सुरू होताना सहा पट करंट ओढते तो रिले मुद्दाम काही सेकंद सोसतो, त्यामुळं शॉर्टला तो उपयोगाचा नाही.

रिसेटच्या खटक्याला हँड आणि ऑटो असं असतं. रात्रीच्या लाइटसाठी पेटीत ऑटो स्विच (लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा) बसवला असंल तर रिले हँडवरच ठेवायचा, नाहीतर पट्ट्या गार झाल्या की मोटार आपोआप परत सुरू, परत तापणार, परत पडणार, आणि असं पहाटेपर्यंत चालू राहतंय. अंधारात मळ्यात जाऊन बटण दाबायचा कंटाळा येतो हे मान्य, पण हँडवरच.