भट्ट्या विझल्या आणि शिंपला कचरा झाला

कोकणात काळा दगड आणि जांभा हवा तेवढा, चुनखडक मात्र नावालाच. देशावर चुनखडीच्या खड्यांवर भागायचं. किनाऱ्यावर चुना यायचा तो तिसऱ्या, खुबे, कालवं यांच्या कवचांतून. भिंतीचा गिलावा, सफेदी, विड्याचा चुना, सगळ्याला तोच.

शिंपल्यात साधारण 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं. ते 850 ते 900 अंशांना भाजलं की 100 किलो शुद्ध कार्बोनेटमागे 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि 56 किलो कळीचा चुना उरतो. तो विरवायला हिशेबाने 18 किलो पाणी पुरतं, पण निम्मं वाफेत जातं, म्हणून घालायचं बरंच जास्त.

खरी कारागिरी भट्टीत. कोळसा आणि शिंपले थराथराने रचले, तरी चुरा जास्त झाला की हवेची वाट बुजते आणि गाभा कच्चा राहतो. तिसऱ्यांचा चुरा लवकर होतो. कॅल्शियम कार्बोनेटची दोन स्फटिकरूपं असतात, अरॅगोनाइट आणि कॅल्साइट. तिसऱ्यांचं कवच अरॅगोनाइटचं, तापताना त्याचं कॅल्साइट होतं, ते फुगतं आणि तडकतं. कालवाचं कवच बहुतांशी आधीच कॅल्साइटचं. उलट आच जास्त झाली तर कळी घट्ट भाजते, विरायला दिवस घेते, आणि गिलावा वाळल्यावर भिंतीला फोड येतात. म्हणून विरवलेला चुना चाळून पाण्याखाली मुरवत ठेवायची रीत पडली.

1914 मध्ये पोरबंदरला सिमेंट निघू लागलं आणि पुढच्या काही दशकांत बांधकामातला चुना मागे पडला. आमच्या मते शिंपल्याचा कचरा झाला तो इथे: कवच तेच, गिऱ्हाईक गेलं. केरळात मात्र ते टिकलं. वेंबनाड तलावाच्या तळातले शिंपले उपसून कोट्टायमच्या त्रावणकोर सिमेंट्सने पांढरं सिमेंट काढलं. अर्थात तो जुना साठा होता, ताटातला उष्टा शिंपला नव्हे.

ताटातल्या शिंपल्याचा प्रश्न पेटला दक्षिण कोरियात. कालवांच्या कवचांचे ढीग किनाऱ्यावर कुजत पडायचे, कारण कायद्याने ती औद्योगिक कचऱ्यात मोडत. 2021 मध्ये पोस्को आणि ह्युंदाई स्टील या पोलाद कंपन्यांना लोहखनिजाच्या सिंटरमध्ये (भुकटी भाजून केलेल्या ढेकळांत) चुनखडकाऐवजी कवचाची भुकटी वापरायची मुभा मिळाली. मत्स्य-उपउत्पादनांच्या पुनर्वापराचा कायदा 2022 मध्ये लागू झाला. अडचण रसायनाची नाही, मिठाची. न धुतलेल्या कवचातलं क्लोराइड भट्टीच्या धुरवाटा गंजवतं, आणि तीच भुकटी काँक्रीटमध्ये गेली तर आतल्या सळ्या.