नोकरी गेल्यावर ईएसआयचा भत्ता: ‘अटल’ योजना घ्यावी की ‘राजीव गांधी’?

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड अशा पट्ट्यांत कंपनी बंद पडली की कामगारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच निरोप फिरतो: ‘ईएसआयमधून तीन महिन्यांचा अर्धा पगार मिळतो, फॉर्म भरा.’ ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, ज्यासाठी पगारातून दर महिन्याला वर्गणी कापली जाते. निरोप खरा आहे, पण अर्धाच. ईएसआय महामंडळाकडे बेकारीच्या दोन वेगळ्या योजना आहेत आणि लोक दोन्हींना एकच समजतात. कंपनीच बंद झालेल्या माणसाला हा गोंधळ फार महागात पडू शकतो.

निरोपात असते ती अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती जुलै 2018 मध्ये सुरू झाली. आधी सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के मिळायचे, कोविडच्या काळात ते 50 टक्के झाले. मिळतात जास्तीत जास्त 90 दिवसांचे, तेही आयुष्यात एकदाच. तिला ठरावीक मुदत असते आणि ती वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी चालू मुदत पाहून घ्या.

दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, एप्रिल 2005 पासूनची. तिचं नाव ग्रुपवर क्वचितच येतं. कारखाना कायदेशीररीत्या बंद झाला, कामगार कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या अपघातात किमान 40 टक्के कायमचं अपंगत्व आलं, तर ती लागू होते. पहिले 12 महिने सरासरी पगाराच्या 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के. भत्ता चालू असेपर्यंत कुटुंबाला ईएसआयचे उपचारही मिळतात.

महिना 18,000 पगार धरा. ‘अटल’मधून एकूण साधारण 27,000 रुपये हातात येतील. दोन वर्षं काम मिळालंच नाही, तर ‘राजीव गांधी’मधून पहिल्या वर्षी सुमारे 1,08,000 आणि दुसऱ्या वर्षी 54,000. एकाच काळासाठी दोन्हींचे पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे कंपनी बंद पडलेल्या माणसाने आधी शाखा कार्यालयात जाऊन ‘राजीव गांधी’त बसतो का, हे विचारावं. घाईने ‘अटल’चा अर्ज टाकू नये.

मग ‘अटल’ कुणासाठी? ज्याचं काम गेलं, पण कपात किंवा बंद झाल्याचा कागद हातात नाही, त्याच्यासाठी. ठेकेदाराने ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटलेले कितीतरी जण यात येतात. अर्ज कामगार स्वतः करू शकतो, मालकाच्या मागे फिरावं लागत नाही, पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. अट अशी की नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी, आणि शेवटच्या वर्गणी काळात (ईएसआयचा वर्गणी काळ सहा महिन्यांचा असतो) निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. त्याआधीच्या तीन काळांपैकी एकातही तेवढीच. ‘राजीव गांधी’साठीची वर्गणीची अट सुरुवातीला 5 वर्षांची होती, नंतर टप्प्याटप्प्याने कमी झाली.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. अनेक ठिकाणी हिशेब देताना एचआर राजीनामा लिहून घेतो. ‘सही करा, चेक लगेच मिळेल.’ स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यासाठी, स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यासाठी किंवा गैरवर्तनाबद्दल काढलेल्यासाठी या योजना नाहीत. सही करायच्या आधी पत्रावर कारण काय लिहिलंय ते वाचा. कंपनी बंद होत असेल तर ‘बंद’, कपात असेल तर ‘कपात’ असंच लिहून मागा. गेटवर लागलेल्या नोटिशीचा फोटो काढून ठेवा.

पगाराच्या पावत्याही जपा. 18,000 पगारावर तुमच्याकडून 0.75 टक्के, म्हणजे महिना 135 रुपये, ईएसआयला जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. कापलेली वर्गणी खरंच जमा होते का, हे नोकरी चालू असतानाच ईएसआयच्या पोर्टलवर आपला विमा क्रमांक टाकून पाहता येतं.