मेंब्रेन स्वीपिंग

दिवस भरत आलेल्या बाईच्या कळा आपसूक सुरू व्हाव्यात म्हणून आतून तपासताना केला जाणारा उपाय. डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका गर्भाशयाच्या मुखातून बोट आत घालून ते गोल फिरवते आणि गर्भजलाच्या पिशवीचा पडदा गर्भाशयाच्या खालच्या भागापासून सुटा करते. पिशवी फोडायची नसते. पडदा सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांनी मुख मऊ पडते आणि कळांना चालना मिळते. मुख घट्ट बंद असेल तर बोट आत जात नाही, तेव्हा मुखाभोवती मालिश करतात.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरून बाळंतपणाची तारीख काढतात. ४२ आठवडे उलटले की वारेचे काम मंदावण्याची आणि बाळाच्या जिवाला असलेला धोका वाढण्याची भीती असते. म्हणून त्याआधीच जेल, गोळी किंवा सलाइनमधून औषध देऊन कळा आणल्या जातात. ही वेळ टळावी, हा स्वीपिंगचा हेतू. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात ४४ चाचण्यांतल्या सुमारे ६,९४० स्त्रियांची माहिती तपासली गेली. स्वीपिंगनंतर आपोआप कळा येण्याचे प्रमाण वाढले आणि औषधाने कळा आणण्याचे घटले. सिझेरियनच्या प्रमाणात मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. हा पुरावा फार भक्कम नाही, असेही तो आढावा सांगतो. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये ३९ आठवड्यांनंतरच्या तपासणीत हा पर्याय हवा का, असे बाईला विचारावे असे सुचवले.

कोकणात या हिशेबाची पहिली अडचण तारखेचीच. पाळी 'गणपती गेल्यावर' किंवा 'शिमग्याच्या आधी' आली होती एवढेच आठवत असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हाच भरवशाचा आधार. औषधाने कळा आणायच्या तर बाईला दवाखान्यात राहावे लागते, सोबतीला घरचे माणूस लागते. स्वीपिंगनंतर ती बहुधा माहेरी परतते. मात्र कळा केव्हा येतील हे सांगता येत नाही. खाडीपलीकडच्या वाडीतून पावसाळ्याच्या रात्री निघायचे तर १०२ किंवा १०८ ची गाडी कुठवर येईल, पुढचे अंतर कसे काटायचे, हे तपासणीला निघण्याआधीच ठरलेले असावे.

स्वीपिंग दुखते, काहींना बरेच. थोडा रक्ताळ चिकट स्राव आणि अनियमित कळा हे नेहमीचे. म्हणूनच आधी सांगून, बाईची संमती घेऊनच ते करायला हवे. नेहमीची तपासणी चालू असताना न विचारता करणे हा तिच्यावर अन्यायच. सासू किंवा आईचा होकार तिच्या होकाराच्या जागी चालत नाही. वार खाली असेल, किंवा अन्य कारणाने योनीमार्गे बाळंतपण धोक्याचे असेल, तर हा उपाय करत नाहीत. घरी गेल्यावर पाळीसारखा रक्तस्राव झाला, पाणी गेले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठायचा.